श्रम कशास म्हणावे?

इंटरनेटवर आपण घालवितो तो वेळ विरंगुळ्याचा की श्रमाचा, हा प्रश्न गेल्या पाव शतकात पाश्चात्त्य समाजचिंतकांनी मोठ्या हिरिरीने चर्चिला आहे. त्याचे मूळ मात्र इंटरनेटहून जुने आहे. जाहिरातदार विकत घेतात तो कार्यक्रम नव्हे, तर तो पाहणारा प्रेक्षक, असे डॅलस स्माइथ या कॅनेडियन पंडिताने 1977 सालीच प्रतिपादिले होते. पुढे 2000 साली तिझियाना तेरानोव्हा यांनी ‘विनामूल्य श्रम’ ही कल्पना मांडली, आणि क्रिस्टियन फुक्स यांनी ‘डिजिटल लेबर अँड कार्ल मार्क्स’ (2014) या ग्रंथात तिला मार्क्सच्या गणिताची जोड दिली. फेसबुक वापरणारा मजकूर व माहिती निर्माण करतो, कंपनी तिच्या जोरावर जाहिराती विकते, आणि त्याचे वेतन शून्य. सबब त्याच्या शोषणाचे प्रमाण अनंताकडे जाते, असा हा सिद्धान्त आहे.

नफ्याचा उगम दाखविल्याचे श्रेय या युक्तिवादास दिलेच पाहिजे. परंतु भाच्याच्या लग्नाची छायाचित्रे मित्रांस दाखविणारा सुखवस्तू गृहस्थ ज्या मापाने खाणीतील मजुराहून अधिक शोषित ठरतो, त्या मापातच काही दोष असला पाहिजे. दूर राहणाऱ्यास एकाकीपणा सोसावा लागतो, ही देखील सक्तीच, असे फुक्स यांचे म्हणणे आहे. असेल, पण एकाकीपणाची सक्ती आणि पोटाची सक्ती एका तागडीत घालता येत नाहीत.

पोटाची सक्ती पाहावयाची तर ती अन्यत्र आहे. ॲमेझॉनने 2005 साली ‘मेकॅनिकल टर्क’ ही कामाची बाजारपेठ उघडली. केंपेलेनने 1770 साली व्हिएन्नाच्या दरबारी दाखविलेल्या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राचे हे नाव. त्या यंत्राच्या पेटीत माणूस दडलेला असे. येथेही चित्रे ओळखणे, मजकूर तपासणे ही कामे नगाच्या दराने माणसेच करतात. काम देणाऱ्याने ते नापसंत केले की मोबदला नाही; काम मात्र त्याच्यापाशीच राहते. सोलापूरच्या विडी वळणाऱ्या स्त्रियांस यात नवल वाटणार नाही. हजार विड्यांमागे मजुरी, घरबसल्या काम, आणि ‘छाट’ म्हणून बाजूस काढलेल्या विड्या, हे त्यांच्या परिचयाचेच आहे. निदान त्या छाटीवरील तंट्यांची दखल 1966 च्या विडी कामगार कायद्याने घेतली होती; पडद्याआडच्या मालकाविरुद्ध दाद कोठे मागावी, हेच पुष्कळदा कळत नाही.

म्हणूनच मेरी ग्रे व सिद्धार्थ सुरी यांचा ‘घोस्ट वर्क’ (2019) हा ग्रंथ मला अधिक मोलाचा वाटतो. त्यात सिद्धान्ताची झेप बेताची आहे; पण अमेरिकेतील व भारतातील अशा कामगारांचे, काम शोधण्यात फुकट जाणारे तास आणि एकाएकी बंद होणारी खाती त्यात नोंदली आहेत. फेसबुक वापरणाऱ्यावर अन्याय होत नाही, असे नव्हे. मात्र त्यास संरक्षण हवे ते खासगी माहितीचे. या कामगारास हवे ते वेतनाचे. दोहोंस एकच नाव दिले, म्हणजे ज्याची मजुरी खरोखर बुडाली त्याचीच फिर्याद गर्दीत ऐकू येईनाशी होते.