स्टेजवर कोण बसलंय?

देशात लोकशाही किती, हे मोजायची मापंच मापं निघालीत. 2021 साली अमेरिकेतल्या फ्रीडम हाउसनं भारताला 'मुक्त'मधून काढून 'अंशतः मुक्त'मध्ये घातलं. त्याच साली स्वीडनच्या व्ही-डेमनं 'निवडणुकीची एकाधिकारशाही' म्हटलं. सरकारनं ते उडवून लावलं. आपली पोरं एक तर हे शिक्के मिरवतात, नाही तर म्हणतात, इथं लोकशाही कधी नव्हतीच. मला दोन्ही पटत नाही.

माझ्याजवळचं माप खानदेशातलं आहे. वाहरू सोनवणेंची 'स्टेज' ही कविता. वाहरूदादा भिल्ल, शहाद्याकडचे. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, 1998 पासून नंदुरबारात. आदिवासींच्या गेलेल्या जमिनींसाठी तिथं 1972 पासून श्रमिक संघटना लढली. दादा त्या लढ्यातले.

या कवितेत सावकार नाही, फौजदार नाही. यातले 'ते' म्हंजे आपल्याच बाजूनं बोलणारे. ते स्टेजवर, हे खाली. यांचं दुःख ते यांनाच समजावून सांगतात. यांनी शंका काढली की दम भरतात. एवढंच. शिवी नाही, घोषणा नाही, प्रतिमांची आरास नाही. आपण आरडाओरड्यालाच विद्रोह समजत आलो. इथं आवाज न चढवता घाव खोल जातो, कारण उघडा पडतो तो शत्रू नव्हे, मित्र.

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलं होतं: राजकारणात एक माणूस एक मत, पण समाजात एक माणूस एक मूल्य नाही. ही विसंगती कवितेनं चळवळीच्या आतच पकडली.

म्हणून 'नव्हतीच'वाल्यांना सांगतो, 1937 च्या निवडणुकीत मालमत्तेच्या, शिक्षणाच्या अटींनी आपली बहुतेक माणसं मतापासून लांब ठेवली होती. 1951-52 ला प्रत्येक प्रौढाला मत मिळालं. त्याची थट्टा करू नका. आणि शिक्के मिरवणाऱ्यांनो, त्या परदेशी तक्त्यात आपल्या सभेचा रकाना नाही. तो आपणच भरायचा.

कविता दम मिळाल्यावर थांबते. स्टेज मोडायचं की त्यावर चढायचं, सांगत नाही. काहींना हे अपुरं वाटतं. मला वाटतं, पुढचं काम कवितेचं नाहीच, आपलं आहे. येत्या 14 एप्रिलला जळगावात, धुळ्यात स्टेज बांधाल तेव्हा मोजा: वर बाया किती, भिल्ल-पावरा किती, मेहतर वस्तीतलं कोण? आणि खालून कुणी शंका काढली, तर त्याच्या हातात माईक देता की त्याचा कान धरता?