क्लिप बघायची की नियम?

गेमरगेट, म्हणजे २०१४मध्ये गेमिंगमधल्या स्त्रियांवर तुटून पडलेली ती झुंड. त्यावर लिहायचं म्हटलं की आपण थेट धमक्यांकडे वळतो. त्याआधी अनिता सार्कीसियन यांची ‘ट्रोप्स व्हर्सेस वुमेन इन व्हिडिओ गेम्स’ ही व्हिडिओमालिका समीक्षा म्हणून तपासा. तिच्यात सगळंच सारख्या वजनाचं नाही.

२०१३चा पहिला भाग मला पक्का वाटतो. ‘डायनोसॉर प्लॅनेट’ या अधिकृतपणे कधीच न आलेल्या गेममध्ये क्रिस्टल ही दोन नायकांपैकी एक होती, स्वतः लढणारी. त्याच गेमचं २००२मध्ये ‘स्टार फॉक्स ॲडव्हेंचर्स’ झालं आणि क्रिस्टल बहुतेक वेळ स्फटिकात अडकून सुटकेची वाट बघत बसली. दोन आराखडे शेजारीशेजारी ठेवता येतात. पुरावा म्हणतात तो हा.

‘हिटमॅन: ॲब्सोल्यूशन’चं उदाहरण मात्र कच्चं आहे. क्लिपमध्ये स्त्रियांवरची हिंसा दिसते. पण निरपराध माणूस मारला की गुण कापले जातात, हा नियम नुसत्या क्लिपमधून कळत नाही. गेम म्हणजे सिनेमा नाही ना! अर्थात, गुण कापले म्हणून दृश्य निरुपद्रवी ठरत नाही. ते तिथे मुळात ठेवलं कशाला, हा प्रश्न उरतोच.

हा वाद खरं तर रंगायला हवा होता. त्याऐवजी ऑक्टोबर २०१४मध्ये युटा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या व्याख्यानाआधी गोळीबाराची धमकी आली. राज्याच्या कायद्यामुळे परवानाधारकांना बंदुकीसह आत येण्यापासून रोखता येणार नाही, असं कळल्यावर त्यांनी व्याख्यान रद्द केलं. ‘हिटमॅन’बद्दलचा रास्त आक्षेपही मग त्याच ढिगात गेला. प्रबंधात तो वेगळा काढून मांडा.