कापलेलं दर्शन

व्हेनिसच्या जोव्हान्नी बात्तिस्ता तिएपोलोवरचा एक आरोप जुना आहे: त्याचे ढग आणि देवदूत डोळ्यांना सुखावतात, पण त्यांत भक्ती नाही, नुसती सजावट आहे. रोकोको शैलीबद्दल एकूणच असं बोललं जातं. त्याच्या एका चित्राची कापाकापी झाली आणि माझ्या मते तिथेच या आरोपाला उत्तर सापडतं.

स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याच्यासाठी तिएपोलोने 1767 ते 1769 या काळात आरांख्वेझच्या नव्या चर्चची सात चित्रं केली. मुख्य वेदीचं चित्र संत पास्काल बायलॉनचं. पास्काल आधी मेंढपाळ, मग मठातला साधा सेवेकरी. बागेत काम करताना त्याला ख्रिस्तप्रसाद घेऊन आलेला देवदूत दिसतो, हा चित्राचा विषय. 1770मध्ये तिएपोलो वारला. काही वर्षांतच दरबाराची रुची पालटली, चित्रं उतरवली गेली आणि मुख्य वेदीवर मेंग्सचं चित्र लागलं. आज माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात देवदूत एका तुकड्यात आहे, संत दुसऱ्या. मूळ मांडणी कळते ती लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहालयातल्या छोट्या पूर्वचित्रावरून.

हे सगळं मी पाहिलं ते डोंबिवली-ठाणे लोकलमध्ये, मोबाइलवर. पाहताना आठवण झाली सावता माळ्यांच्या तसबिरीची. आमच्याकडे भाजीच्या दुकानांत ती दिसते: हातात खुरपं, उघडी छाती आणि आत विठ्ठल. तेही मळ्यात काम करणारे, त्यांनाही कामातच दर्शन झालेलं. कथा म्हणून मला सावतोबांची जास्त मोठी वाटते. पास्कालला वर पाहावं लागतं, हातातलं काम थांबतं. अरणच्या सावतोबांना आकाशाची गरजच नाही. देव लपायला त्यांच्याकडे येतो.

पण चित्र म्हणून? सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एखादा भाग काढून टाकतो आणि उरलेलं चालतं का ते बघतो. तसबिरीवरचा विठ्ठल मी अंगठ्याने झाकला. उरला एक शांत, गोरटेला चेहरा, कॅलेंडरवरच्या कुठल्याही संताला चालेल असा. सगळा भार विठ्ठलावर टाकून चित्रकार मोकळा झाला होता.

तिएपोलोच्या चित्रावर हा प्रयोग इतिहासानेच केला. देवदूत गेला, ढग गेले, उजेडाचं कारण गेलं. तरी खालच्या तुकड्यातला पास्काल वर बघतोच आहे, आणि त्याला काहीतरी दिसतंय याबद्दल मला शंका येत नाही. नुसती सजावट असती तर ती कापल्यावर मागे काही उरलं नसतं.

सावतोबांच्या कथेला असा चेहरा अजून मिळायचा आहे. विठ्ठल न दाखवताही तो आत आहे हे कळेल, असा.