विटाळ दाखवला, जात गाळली

‘ओकुरिबितो’ हा योजिरो ताकिताचा २००८ सालचा जपानी सिनेमा. बाहेर त्याला ‘डिपार्चर्स’ म्हणतात. २००९ साली त्याला परदेशी भाषेतल्या सिनेमाचं ऑस्कर मिळालं. गोष्ट आहे मढ्याला हात लावणाऱ्या माणसाची. म्हणजे मित्रांनो, विषय आपल्या घरचा आहे. त्याची समीक्षाही आपणच केली पाहिजे. पांढरपेशे ‘मृत्यूचं तत्त्वज्ञान’ म्हणून माना डोलावतात आणि मोकळे होतात.

दाइगो टोकियोतल्या वाद्यवृंदात चेलो वाजवतो. वाद्यवृंद बंद पडतो. बायको मिकाला घेऊन तो यामागाताकडं आपल्या गावी येतो. पेपरात जाहिरात बघतो : प्रवासाला मदत करणारी माणसं पाहिजेत. प्रवासी कंपनी असेल म्हणून जातो. मालक सासाकी सांगतो, छपाईची चूक आहे, हा शेवटचा प्रवास. घरच्यांच्या समोर मयत पुसायचं, कपडे घालायचे, चेहरा नीट करायचा, पेटीत ठेवायचं. पगार भरपूर. बेकार माणूस करतो काय?

सुरुवातीला सिनेमा हसवतो. लंगोट लावून दाइगोला कॅमेऱ्यापुढं मढं होऊन पडावं लागतं. मग खरं मढं येतं. घरात एकटी मरून दोन आठवडे पडलेली म्हातारी. परतताना बसमध्ये शाळकरी पोरी त्याच्या वासानं कुजबुजतात. तो सार्वजनिक न्हाणीघरात जाऊन कातडी सोलल्यासारखं अंग घासतो. इथं आपलं हसू घशात अडकतं. हे घासणं आपल्याला माहीत आहे. कितीही घासलं तरी जे जात नाही, ते अंगावर नसतंच, बघणाऱ्याच्या डोक्यात असतं.

मिकाला कळतं तेव्हा ती ओरडते, हात लावू नको. तिच्या तोंडून शब्द निघतो ‘केगारावाशी’. केगारे म्हणजे विटाळ. लहानपणचा दोस्त म्हणतो, जरा बरं काम बघ. एका पोरीच्या मयतीत घरचा माणूस गुन्हेगार पोरांना दाइगोकडं बोट दाखवून विचारतो, असलं काम करून आयुष्यभर प्रायश्चित्त घेणार का? दाइगो तिथंच गुडघ्यावर बसलेला. ऐकतो. सिनेमातली ही सगळ्यात खरी जागा.

आता सिनेमा जे बोलत नाही ते बोलू. जपानात मेलेली जनावरं, कातडी, कत्तल ही कामं शेकडो वर्षं जन्मानं ठरलेल्या लोकांकडं होती. त्यांना ‘एता’ म्हणत. चिनी अक्षरांत त्याचा अर्थ ‘विटाळच विटाळ’. १८७१ साली सरकारनं हुकूम काढून ही नावं रद्द केली. नाव गेलं, वस्ती राहिली. त्या वस्तीला बुराकू म्हणतात. १९७५ साली उघडकीला आलं की अशा वस्त्यांच्या नावा-पत्त्यांच्या याद्या चोरून छापल्या जातात आणि कंपन्या त्या विकत घेतात. कशाला? नोकरी मागणारा कुठला, ते बघायला.

मयत पेटीत ठेवण्याचा धंदा अलीकडचा आहे. तो करणारे सगळे बुराकू नाहीत, हे खरं. पण मिकाच्या तोंडचा शब्द आला कुठून? तो शब्द पडद्यावर आहे, ज्यांच्या कपाळी तो पिढ्यान्‌पिढ्या लिहिला ते लोक पडद्यावर नाहीत. बुराकू हा शब्द एकदाही येत नाही. दाइगो बाहेरून आलेला, चेलो वाजवणारा. त्याला हे काम पोटासाठी चिकटलं, जन्मानं नाही. तो उद्या सोडू शकतो. असा नायक घेतला की प्रेक्षकाला रडणं सोपं जातं.

शेवटी मन कशानं पालटतं? दोस्ताची आई मरते. दाइगो तिला इतक्या हळुवार हातानं सजवतो की दोस्त आणि मिका दोघं विरघळतात. म्हणजे काम सुंदर केलं तर माणूस म्हणून मान! आणि वेडंवाकडं केलं तर? दाइगोचा बाप मरतो तेव्हा दोन कामगार त्याला धसमुसळेपणानं पेटीत घालू लागतात. दाइगो त्यांना हाकलतो. प्रेक्षक खूष. पण ते दोघेही मढ्यालाच हात लावणारे. त्यांना घरी कोण काय म्हणतं, हे दिग्दर्शक विचारत नाही. एकाला शुद्ध करायला दोघांना घाणीत ठेवलं.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं. ढोर नीट ओढा, गाव मान देईल, असं नाही सांगितलं. त्याच्या पाच वर्षं आधी, १९२२ साली, क्योतोत बुराकू लोकांनी सुइहेइशा ही संघटना काढली आणि आमची मुक्ती आम्हीच करू म्हणून जाहीर केलं. हा इतिहास असलेल्या देशाचा हा सिनेमा आहे.

काम सोडायचं की ठेवायचं हे करणाऱ्यानं ठरवावं. आया हानाबुसा या बाईंचा २०१३ चा माहितीपट आहे, ओसाकाकडच्या एका बुराकू खाटीक घराण्यावर. ती माणसं जनावर कापतात, कातड्याचा ढोल करतात, आणि आपल्यावर काय गुजरलं ते नाव घेऊन सांगतात. तिथं कोणी त्यांच्यासाठी रडत नाही. गरजच नाही.

एक गोष्ट आपल्यालाही टोचणारी. हा देश बुद्धाचा म्हणवतो. तिथल्या बौद्ध देवळांनी मेलेल्या बुराकूंना मरणोत्तर नावं देताना पशू, कातडं अशी अक्षरं घातली. थडग्यावरसुद्धा जात कोरली. १९७९ साली अमेरिकेतल्या जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाचा बडा पदाधिकारी म्हणाला, जपानात असा भेदभावच नाही. पुढं पंथाला माफी मागावी लागली. धम्म घेतला की जात आपोआप गळते असं समजून स्वस्थ बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

सिनेमा बघा. वस्तीत दाखवा. माणसं चांगली नटलीत, सासाकी झालेला यामाझाकी तर अस्सल. रडू आलं तर रडा. मग दिवे लावून पोरांना विचारा : ह्यात विटाळ कोणी पाळला ते दिसलं, पण कोणावर पाळला ते कुठं गेलं?