काँक्रीटमधला ख्रिस्त आणि नातवंडांचा वारसा

पिएत्रो दी दोनातो यांची ‘ख्राइस्ट इन काँक्रीट’ (१९३९) ही कादंबरी आज बहुधा ‘इटालियन-अमेरिकन वारसा’ या सदरात टाकली जाते. आमची तक्रार या सदराविषयी आहे. वारसा म्हटले की आजीच्या हातचे पदार्थ, संताच्या सणाची मिरवणूक, भिंतीवरचे जुने छायाचित्र असे काही डोळ्यांपुढे येते. ही कादंबरी सुरू होते ती एका गवंड्याच्या जिवंत गाडले जाण्याने.

कथा लेखकाच्या घरातलीच. आईवडील इटलीतील आब्रुत्सो प्रांतातल्या वास्तो गावचे. वडील १९२३ च्या पवित्र शुक्रवारी बांधकाम कोसळून मरण पावले; थोरला पिएत्रो तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा. त्याने वडिलांची थापी हाती घेतली आणि भावंडांना पोसले. कादंबरीतला जेरेमियो मुकादम आहे. खालचे आधार कच्चे आहेत हे तो वरिष्ठाला सांगतो आणि दटावणी ऐकून गप्प बसतो, कारण स्वतःच्या घराचा बयाणा त्याने नुकताच दिलेला असतो. हे गप्प बसणे आम्हांला त्याच्या मरणाहूनही अधिक बोचले.

दी दोनातो यांची भाषा हा स्वतंत्र लेखाचा विषय ठरावा. पात्रे आपसांत बोलतात इटालियन. लेखक शब्द इंग्रजी घेतो, पण वळण इटालियन ठेवतो. त्यामुळे वाक्ये अवघडतात, आणि त्या अवघडण्यातूनच त्यांना प्रार्थनेचा ठेका येतो. ‘जॉब’ हा शब्द मोठ्या अक्षराने, एखाद्या दैवताच्या नावासारखा येतो. आपल्या लिपीत मोठे अक्षर नाही. मराठी भाषांतरकार हे दैवत कसे उभे करणार, हे आम्हांला सुचलेले नाही. लग्नाच्या मेजवानीचा भाग मात्र फारच लांबला आहे.

आता वारशाविषयी. समाजशास्त्रज्ञ मेरी वॉटर्स यांनी ‘एथ्निक ऑप्शन्स’ (१९९०) या ग्रंथासाठी युरोपीय वंशाच्या, उपनगरांत राहणाऱ्या कॅथलिक अमेरिकनांच्या मुलाखती घेतल्या. चार पूर्वज चार देशांचे असले, की मनुष्य त्यांतला आवडता निवडतो, बाकीचे सोडून देतो. आणि या निवडीची त्याला फारशी किंमत मोजावी लागत नाही, असे त्यांना आढळले. पुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. आमचे आजोबा कष्टाने वर आले, मग कृष्णवर्णीयांना का जमू नये, असाही प्रश्न या आठवणींतून निघतो. जेरेमियो या प्रश्नाला पुरेसे उत्तर आहे. त्यानेही कष्टच केले होते.

शिवाय त्या आजोबांना तरी कोणी सहज आपले मानले होते? १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जमावाने अकरा इटालियनांना ठार मारले. १९२४ च्या कायद्याने १८९० च्या जनगणनेचा आधार घेऊन इटलीचा वार्षिक वाटा चार हजारांच्याही खाली आणला. ‘युरोपीय’ म्हणून सर्वांना एका पंक्तीत बसवणे ही नंतरची गोष्ट.

एका दृश्याविषयी लिहिलेच पाहिजे. पोरका पॉल मदत मागायला धर्मगुरूंकडे जातो. ते जेवणाच्या टेबलाशी असतात. मुलगा परततो तो केकचा एक तुकडा घेऊन. आमच्या काही वाचकांना हे खुपेल. आम्हांलाही खुपले, पण खोटे वाटले नाही. पुढे अखेरीस पॉल आईच्या देखत क्रूस मोडतो, आणि आई कोसळते. एवढ्यावरून ही कादंबरी अश्रद्धेची ठरवणारे समीक्षक आहेत. त्यांनी शेवटची पाने पुन्हा वाचावीत: मरणासन्न आन्नुन्त्सियाता धाकट्या मुलांना पॉलवर प्रेम करायला सांगते. क्रूस मोडणाऱ्यालाच ती घर सोपवून जाते. जेरेमियो ज्या दिवशी मेला तो दिवसही लेखक आपल्याला विसरू देत नाही.

याच लेखकाने १९६० मध्ये स्थलांतरितांची माता ठरलेल्या संत फ्रान्सिस झेवियर काब्रिनी यांचे चरित्र लिहिले, आणि १९६२ मध्ये संत मारिया गोरेत्तीच्या पश्चात्तापदग्ध मारेकऱ्याविषयी ‘द पेनिटंट’. वारशाच्या सदरात ही दोन पुस्तके क्वचितच दिसतात. आमच्या मते ‘ख्राइस्ट इन काँक्रीट’च्या शेजारी ठेवायची ती हीच.