पाण्यातली परीक्षा

पुस्तकाची समीक्षा करायची तर ते निदान चाळावं तरी लागतं. अंड्याच्या समीक्षेला तेवढीही अट नाही. बादलीभर पाणी आणि ऐकायला चार माणसं मिळाली की झालं. आमचे अकोल्याचे मेहुणे या प्रांतातले मोठे अधिकारी. बुडून आडवं पडलं तर ताजं, बुडून उभं राहिलं तर शिळं, तरंगलं तर फेका! एवढं त्यांचं समीक्षाशास्त्र.

एका मे महिन्यात ते अमरावतीला आले, ते डझनभर अंडी मांडीवर घेऊनच. मूर्तिजापूर, बडनेरा असे एस.टी.चे सगळे गचके सोसून. आमच्या घरी मी आदल्या दिवशी राजापेठेतून आणलेली डझनभर होतीच. मेहुण्यांनी ताबडतोब बादली मागवली. त्यांची बाराही अंडी तळाशी निवांत आडवी झाली. माझी तीन उभी राहिली आणि एक चक्क वर आलं.

"भाऊजी, तुम्हाला फसवलं," मेहुणे म्हणाले. बायको काही म्हणाली नाही, नुसती बघत राहिली. मी ती चार अंडी पिशवीत घालून तरातरा दुकान गाठलं आणि पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराची अब्रू काढली.

त्यानं शांतपणे तरंगणारं अंडं बशीत फोडलं. बलक जरा पसरट झाला, पांढरं पाण्यासारखं पातळ. "आठ रोज झाले असतीन, नाही म्हनत नाही. पन सडलं काय, थे सांगा. वास घ्या!" सर्वांदेखत मी वास घेतला. वास होता, पण अंड्याचाच. "भाऊ, या उन्हात आठ रोज तुमाले ठेवलं त तुमी बी तरंगसान!"

गिऱ्हाइकं हसली. मीही हसल्यासारखं केलं.

त्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक भोकं असतात. त्यांतून आतलं पाणी उडून जातं आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. अंडं उभं राहतं, तरंगतं ते त्या हवेमुळे. बादली मोजते ती हवा; नासणं तिला कळत नाही. त्यात वऱ्हाडचा कोरडा मे, पारा पंचेचाळीसला टेकलेला! फ्रिजमध्ये महिनाभर तरुण राहणारं अंडं इथं आठवड्यात म्हातारं होतं. म्हातारं, वाईट नव्हे. (उकडून सोलायला तर तेच बरं, अगदी ताज्या अंड्याची साल पांढऱ्यासकट निघते.) कानाशी धरून हलवून बघणारे समीक्षकही याच घराण्यातले. त्यातल्या त्यात दिव्यासमोर धरणारे बरे, त्यांना पोकळी निदान दिसते तरी. रेमंड हॉ नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९३७ साली रीत काढली ती मला पटते: अंडं तोलायचं, फोडायचं आणि दाट पांढऱ्याची उंची मोजायची. म्हणजे त्यांनी निदान पुस्तक उघडलं! साल्मोनेला मात्र हॉसाहेबांनाही दिसायचा नाही. त्याला इलाज एकच, नीट शिजवणं.

संध्याकाळी आम्लेटाचा बेत. अंडी अर्थात मेहुण्यांची, डिस्टिंक्शनमध्ये पास झालेली. कांदा, कोथिंबीर, मिरची घातलेल्या पातेल्यात मेहुणे स्वतः एकेक अंडं फोडत होते. बायको म्हणाली, "दादा, आधी वाटीत फोड रे." दादांनी हातानंच थांबवलं, परीक्षा झालेल्या विद्यार्थ्याला पुन्हा कोण बसवतो? आठ अंडी गेली. नववं फुटलं आणि आम्ही सगळे एकदम अंगणात आलो. त्याला बारीक तडा होता, कधीचा कोण जाणे. पण तडा गेलेलं अंडंही बुडून आडवंच पडतं.

रात्री आठ वाजता मी पुन्हा त्याच दुकानात. बारा अंडी द्या, म्हणालो. सकाळचं काय बोलावं ते सुचेना. त्यानं अंडी मोजली, कागदात बांधली.

"बादली हाय घरी, का देऊ?"