गाळलेल्या जागांची गाडी

चिंकारा रोडस्टरला दार नाही. बाजूच्या कडेवरून पाय आत टाकायचा, सीटवर क्षणभर उभं राहायचं आणि दोन्ही पाय स्टिअरिंगखाली सरकवत खाली बसायचं. बसल्यावर हात बाहेर सोडला तर बोटं डांबराच्या इतकी जवळ जातात की माणूस आपणहून हात आत घेतो. पक्कं छप्पर नाही, वर-खाली होणाऱ्या काचा नाहीत, डिकी म्हणावी अशी जागा नाही. गाडीच्या जाहिरातीत ठळक टायपात जे जे छापतात, त्यातलं जवळपास काहीच इथे नाही. अल्पाक्षरी कवितेसारखी ही गाडी वाचावी लागते. काय लिहिलंय याच्याइतकंच काय गाळलंय तेही बघावं लागतं. तिचं रसग्रहण करावं असं मला फार दिवस वाटत होतं, कारण इथे जे गाळलंय ते कुणीतरी विचार करून गाळलंय.

ही गाडी मराठी मुलखातली आहे, हे आमच्या नगरकडच्या गाडीवेड्यांनाही फारसं माहीत नसतं. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत गिडो बोथे आणि शमा बोथे यांनी चिंकारा मोटर्स उभी केली. फायबरग्लासच्या बोटी बनवणारी ही मंडळी याच शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत रस्त्यावरच्या गाडीकडे वळली. बोटीला जो फायबर, तोच गाडीच्या अंगाला. खाली पोलादी नळ्यांची चौकट. आणि इंजिन इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल, म्हणजे हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसात आणि नंतर अँबॅसिडरमध्ये आपण वर्षानुवर्षं ऐकलेलं. कलेक्टर कचेरीच्या पोर्चमध्ये पांढऱ्या अँबॅसिडरच्या बॉनेटखाली जे मुकाट्याने काम करायचं, तेच इथे ओठ उघडून बोलतं. त्याच्या पाठीवरचं ओझं उतरलंय.

गाडीचा घाट मात्र इथला नाही, तो १९५७ सालच्या लोटस सेव्हनचा आहे. त्या गाडीचा जनक कॉलिन चॅपमन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग शिकला, म्हणजे पूल आणि छपरं कशी तोलून धरायची ते शिकला. शिकता शिकता तो जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. १९४७ साली ब्रिटनमध्ये खाजगी गाड्यांना मिळणारं रेशनचं पेट्रोल बंद झालं, जुन्या गाड्यांचा बाजार बसला आणि त्याच्या हाती एक न खपलेली जुनी ऑस्टिन सेव्हन उरली. ती उकलून, तिच्यावर प्लायवुड आणि ॲल्युमिनियमचं नवं अंग चढवून त्याने आपली पहिली लोटस केली. हलक्या स्पोर्ट्स कारच्या या घराण्याचा मूळ पुरुष एक सेकंडहँड गाडी आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे सेव्हन सुट्या भागांत विकली जायची, कारण सुट्या भागांच्या गाडीवर तिकडचा खरेदी कर लागत नसे. जोडणीची पुस्तिका द्यायला नियमाने मनाई होती, म्हणून गाडी उकलायची कशी याची पुस्तिका द्यायचे आणि ती उलटी वाचायला सांगायचे, असं सांगतात. १९७३ साली लोटसने ही गाडी सोडली आणि केटरहॅमने तिचे हक्क घेतले. तेव्हापासून जगभर या घाटाच्या गाड्या निघत आल्या आहेत. अलिबागची त्यातलीच एक.

आता प्रत्यक्ष गाडीकडे येऊ. पुढून सुरुवात करावी. नाक अरुंद, दिवे अंगात न बसवता दोन बाजूंना बाहेर उभे केलेले. पुढची चाकं अंगाच्या बाहेर, त्यांच्यावर चिखलापुरते मडगार्ड. चालवताना उजवीकडे नजर टाकली की चाक दिसतं, चाकाला धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्या दिसतात. नगरहून पाथर्डीला जाताना चांदबिबी महालाचा डोंगर मागे पडला की पुढे करंजी घाट लागतो. तिथल्या एका वळणावर रस्त्याच्या कडेची खडी आत आलेली असते. चाक त्या खडीवर चढतं, दांडी वर उचलली जाते, स्प्रिंग दबते, चाक उतरतं, आणि हे सगळं डोळ्यांना दिसत असतानाच तोच हिसका स्टिअरिंगमधून तळहातात येतो. इतर गाड्यांत आपल्याला या घटनेचा फक्त दूरचा धक्का मिळतो. इथे कारण आणि परिणाम दोन्ही एकाच वेळी नजरेच्या टप्प्यात असतात.

बॉनेट लांब आहे ते दिमाखासाठी नव्हे. इंजिन पुढच्या ॲक्सलच्या मागे ढकललंय आणि माणसं मागच्या ॲक्सलला टेकून बसवलीत, त्यामुळे वजन मधे गोळा होतं. गाडी वळायला लागते ती जणू आपल्या कमरेभोवती. मागची चाकं सरकायला लागली तर ते डोळ्याआधी बैठकीला कळतं. स्टिअरिंगला कुठलीही मदत जोडलेली नाही. वळणात शिरताना ते हळूहळू जड होत जातं, आणि पुढच्या टायरची पकड सुटायच्या बेताला आली की एकदम हलकं पडतं. त्या हलकं पडण्यात गाडीची सगळी लय आहे. ज्याच्या हाताला ती ओळखता आली त्याला स्पीडोमीटरकडे बघायची गरज उरत नाही, आणि वेगही फार लागत नाही. साठाच्या आत हा सगळा आनंद मिळतो. या घडणीच्या गाडीचं हे मला सर्वांत मोठं मोठेपण वाटतं.

हे कसं घडतं ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. आमच्या नगरात कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. तिथल्या विजयंता रणगाड्याचं इंजिन ५३५ अश्वशक्तीचं, वजन सुमारे ३९ टन. म्हणजे टनामागे १४ अश्वशक्तीसुद्धा नाही. इसुझूवाली अँबॅसिडर ७५ अश्वशक्तीची, वजन टनाहून जास्त, टनामागे सत्तरच्या आत. पहिल्या लोटस सेव्हनला फोर्डचं जुन्या पद्धतीचं ११७२ सीसीचं इंजिन होतं, ताकद अवघी ४० अश्वशक्ती. पण गाडी सुमारे अर्ध्या टनाची, म्हणून टनामागे ८०. चाळीस घोड्यांनी पंच्याहत्तर घोड्यांना मागे टाकलं. रणगाड्याचं वजन त्याच्या कामाचं आहे, पोलादाचा प्रत्येक इंच आतल्या जवानाचा जीव राखतो, आणि म्युझियममध्ये त्याच्यासमोर उभं राहिलं की मान आदराने वर जाते. पण सैन्याच्या गाड्या तपासणारी व्हीआरडीई आणि चिलखती दलाचं केंद्र ज्या गावात आहे, तिथल्या माणसाला हलकेपणाचीही ओळख असावी असं मला वाटतं. तशी ती आहेही. लूना आणणाऱ्या कायनेटिकचा कारखाना नगरचाच. १९७२ सालची ती ५० सीसीची, पायडलवाली लूना कितीतरी शिक्षकांना आणि दूधवाल्यांना पुरून उरली, ती अंगावर नको ते काही नव्हतं म्हणून.

अशी गाडी जुनी घ्यायची तर तिचं वाचन चिखलात पाठ टेकून करावं लागतं. वरचं फायबरचं अंग गंजत नाही, त्याला पोचाही पडत नाही, म्हणून ते फार काही सांगतही नाही. ठोकर बसली की फायबरला वरच्या थरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा जातात. रंग मारला की त्या झाकल्या जातात, काही महिन्यांनी पुन्हा डोकावतात. उन्हात तिरक्या नजरेने पाहिलं तर दिसतात. फायबरमध्ये मॅट आणि रेझिन भरून दुरुस्ती सोपी आहे, तिची भीती बाळगू नये. भीती बाळगायची ती खालच्या नळ्यांची.

नळ्यांच्या चौकटीचं बळ त्रिकोणात असतं. चार नळ्यांचा चौकोन कोपऱ्यांतून कलतो. त्यात एक तिरपी नळी टाकली की दोन त्रिकोण होतात, आणि नळी ताणली किंवा चेपली गेल्याशिवाय त्रिकोण हलू शकत नाही. म्हणून बारीक, पातळ नळ्या एवढं ओझं पेलतात. पण याचाच अर्थ असा की एक सांधा कच्चा झाला की त्याचं काम शेजारच्यांवर पडतं. गाडी किनाऱ्यावर बरीच वर्षं राहिलेली असेल तर खारी हवा नळीच्या आतून खाते, बाहेरून रंग जसाच्या तसा. मी गाडी घेण्याआधी बॅटरी आणि एक जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली शिरलो. डिफरन्शियलजवळच्या वेल्डपासून सुरुवात करून प्रत्येक नळीवर मुठीकडून टकटक करत गेलो. धड नळी खणखणीत बोलते, आतून खाल्लेली दबक्या आवाजात. एका सांध्याशी रंगाला तांदळाएवढा फुगा आला होता. टोकाने दाबला तर खाली लाल भुकटी निघाली, पण तिच्याखाली पोलाद घट्ट होतं. घासून, प्रायमर लावून ते निभलं. टोक आत घुसलं असतं तर मी ती गाडी सोडून परत आलो असतो, इंजिन कितीही गोड वाजत असतं तरी.

मग टायर. अशा गाड्या वर्षभरात फार थोड्या चालतात, त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. टायरच्या बगलेवर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. हलकी गाडी टायरवर दाबून बसत नाही, तिला पकडीसाठी मऊ रबरच हवं. म्हणून या चार आकड्यांना मी मीटरमधल्या किलोमीटरपेक्षा जास्त किंमत देतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते आधी बदलायचं. कार्ब्युरेटरचे जेट उभ्या गाडीत चिकटतात, ते उघडून साफ करायचे. बॉल जॉइंटला प्ले आहे का ते जॅकवर चाक हलवून बघायचं. यातलं एकही काम असं नाही की ते ट्रॅक्टर-टेम्पो दुरुस्त करणाऱ्या आमच्याकडच्या मिस्त्रीला जमणार नाही. उलट लॅपटॉप लावल्याशिवाय बॉनेटला हात न लावण्याच्या या काळात असं इंजिन समोर आलं की त्यांचा चेहरा खुलतो. बुश मिळाला नाही तर नागापूर एमआयडीसीत लेथवर काढून मिळतो.

कागदांचं थोडक्यात. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवर बघून, पेन्सिलने घासून कागदावर उतरवून घ्यावा. दिसायला अशीच, पण दुसऱ्याच गाडीच्या कागदांवर रस्त्यावर आणलेली गाडी कितीही देखणी असली तरी घेऊ नये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ घडणीत फेरफार करू देत नाही. पंधरा वर्षं उलटली असतील तर फिटनेस होऊन नोंदणी नव्याने झालीय का ते पाहावं, पर्यावरण कर भरलाय का तेही. रायगडची गाडी नगरला आणायची तर मालकी बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरायचे. हे सगळं नीट झालं की एमएच-१६च्या रस्त्यांवर ती आपली.

आधीच्या मालकाने हौसेने बरंच काही चढवलं होतं. जाड गाद्यांच्या सीटा, मोठे स्पीकर, क्रोमचा पुढचा बार. त्या हौसेला नावं ठेवायचं कारण नाही, त्याने गाडी सांभाळली म्हणूनच ती माझ्यापर्यंत आली. पण मी ते एकेक उतरवलं. स्पीकर निघाल्यावर इंजिनाचा आवाज मोकळा झाला. बार निघाला तेव्हा फरक हातांना कळला. पुढच्या ॲक्सलच्या पुढे लटकलेलं ते वजन वळणात नाक बाहेर ओढत होतं, ते थांबलं. संपादक ज्या निष्ठेने विशेषणं काढतो त्या निष्ठेने अशा गाडीतून वस्तू काढाव्यात असं माझं ठाम मत आहे, आणि मोठी अलॉय व्हील लावणाऱ्यांशी मी याबाबत तासन्‌तास वाद घालायला तयार आहे. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. खड्ड्यावर जड चाक वर उडालं की ते रस्त्याला पुन्हा टेकवायला स्प्रिंगला उशीर लागतो, आणि तेवढा वेळ टायर हवेत असतो. ज्या दांड्यांचं काम बघण्यात निम्मं सुख आहे, त्यांनाच आपण पांगळं करतो.

नगर जिल्ह्यात ही गाडी बाळगायची तर वेळ साधावी लागते. उन्हाळ्यात सकाळी नवाच्या आत परत यायचं. पावसाळ्यात भंडारदऱ्याकडे, राजूरच्या पुढे ढग रस्त्यावर उतरतात तेव्हा भिजायची तयारी ठेवायची. समोरच्या काचेमुळे धावताना डोकं बऱ्यापैकी कोरडं राहतं, थांबलं की मात्र सगळं अंगावर. गावोगावच्या स्पीडब्रेकरवर तिरकं चढायचं, एकेक चाक नेत, नाहीतर पोट घासतं. टाकळी ढोकेश्वरला चहाला थांबलो की पोरं सीटकडे बघत नाहीत, चाकाजवळ बसून त्या दांड्या बघतात आणि स्टिअरिंग हलवायला सांगतात. त्यांनी बरोबर जागा निवडलेली असते.

खरी काळजी गळीत हंगामाची. राहुरी, कोल्हारच्या बाजूला संध्याकाळी ट्रॅक्टरमागे दोन-दोन उसाच्या ट्रॉल्या असतात. मोळ्या बाहेर आलेल्या, मागे दिवा असेल-नसेल. ट्रॅक्टरवाल्याची नजर उंचावर असते आणि ही गाडी त्याच्या मोठ्या चाकाच्या उंचीलाही पुरत नाही. हंगामात अंधार पडल्यावर मी ती त्या रस्त्याला काढत नाही. आणि मागच्या लोखंडी कमानीवर, माझ्या डोक्याच्याही वर, एक लाल एलईडी दिवा बसवून घेतलाय, ब्रेक दाबला की लागणारा. वायरसकट तो पाव किलोही भरत नाही. घेतल्यापासून या गाडीवर मी चढवलेली वस्तू एवढी एकच.